काडतूस कोणते, ते पत्र्याला विचारा

"एलजी द्या." बंदुकीच्या दुकानात जाड छर्ऱ्याचे काडतूस मागणारे हे दोन शब्द कानावर पडले की दुकानदार वर न बघताच खणात हात घालतो. निफाडकडचा बागायतदार असो, बँकेच्या दारातला गार्ड असो की देवळालीत घर बांधून राहिलेला निवृत्त सुभेदार, घर राखायला बारा बोअरची बंदूक घेतलेल्या माणसाचा हिशेब सरळ असतो: छर्रा जेवढा मोठा तेवढे आपण सुरक्षित. परवान्यासाठी त्याने कित्येक महिने खेटे घातलेले असतात. चारित्र्य, मिळकत, पोलीस ठाण्याचा अहवाल, अंगावर एखादी केस आहे की काय, सगळे खालीवर करून तपासून झालेले असते. बंदुकीत तू काय भरणार, असे मात्र त्याला कुणी विचारलेले नसते. ते विचारले पाहिजे, आणि परवाना देणाऱ्याने विचारले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

नाशिक जिल्ह्यात बंदूक मागणारा माणूस हौशी असतो असे मला वाटत नाही. हौशी असतातच, लग्नाच्या वरातीत बार काढणारे आणि गाडीच्या डॅशबोर्डवर पट्टा दिसेल असा ठेवणारे. पण ते सोडून देऊ. मळ्यातली वस्ती गावापासून लांब, रात्री कुत्री भुंकायला लागली की बाहेर बॅटरी मारायची हिंमत होत नाही. द्राक्षाच्या हंगामात व्यापाऱ्याचे पैसे घरात येऊन पडलेले असतात. लासलगावला कांदा विकून आलेल्याचेही तेच. 112 ला फोन लावला तरी गाडी रस्ता विचारत विचारत येणार. शिवाय गोदाकाठच्या उसात बिबट्या. अशा घरातल्या कर्त्या माणसाला "कशाला हवी बंदूक?" असे कॉलेज रोडवरच्या फ्लॅटमध्ये बसून विचारणे सोपे आहे. कायदाही तसे विचारत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यातले तेरावे कलम वीस इंचांपेक्षा कमी नळी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीला संरक्षणासाठी वेगळी, सवलतीची वागणूक देते. गृहस्थाने घर राखायचे तर पिस्तुलापेक्षा हीच बंदूक बरी, असा त्या कलमाचा रोख दिसतो. पिकासाठी ठासणीची बंदूकही त्याच कलमात आहे.

म्हणजे बंदूक द्यायची हे ठरलेलेच आहे. अडते ते पुढे. रायफल किंवा पिस्तूल घेतले की गोळी कोणती, हे बहुतेक ठरून जाते. बारा बोअरचे तसे नाही. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यात बसेल ती नळी बारा बोअरची, साधारण साडेअठरा मिलिमीटरची. त्या एकाच नळीतून तितर मारायचे बारीक छर्रेही जातात आणि रानडुक्कर आडवे करणारा एकच जाड गोळाही जातो. आपल्याकडे वर्षानुवर्षे खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसे चालत आली. त्यांवरची नावे इंग्रजांच्या पद्धतीची: एलजी, एसजी, ट्रिपल ए, बीबी आणि मग नंबरांचे बारीक छर्रे. एलजीचा दाणा सुमारे नऊ मिलिमीटरचा, एका काडतुसात मोजके सहा-आठ. एसजीचा साडेआठच्या जरा आत. ट्रिपल ए पाच मिलिमीटरच्या आसपास, एका काडतुसात चाळिसेक दाणे. बीबी चार मिलिमीटरचा. बंदूक तीच, माणूस तोच, चाप तोच. पण यातले काय भरले यावर समोरच्याचे, आणि त्याच्या मागे असलेल्याचे, काय होणार ते ठरते.

या विषयावर इंटरनेटवर अमेरिकी सल्ला ढिगाने मिळतो, आणि आपल्याकडची तरुण मंडळी तो तोंडपाठ करतात. त्या सल्ल्याचा गाभा असा: माणूस थांबवायचा तर छर्रा शरीरात पुरेसा खोल गेला पाहिजे. 1986 मध्ये मायामीत एफबीआयचे दोन अधिकारी चकमकीत मारले गेले, त्यानंतर तिथे गोळी, चाचणीसाठी मांसाऐवजी वापरतात त्या जिलेटिनच्या ठोकळ्यात किमान बारा आणि फार तर अठरा इंच जावी असा दंडक रूढ झाला. तो होता पिस्तुलाच्या गोळ्यांसाठी. बंदुकीवर लिहिणाऱ्यांनी तो छर्ऱ्यांनाही लावला. पक्ष्यांचे बारीक छर्रे या कसोटीत नापास होतात, त्यांचा डबल ऑट पास होतो. डबल ऑट म्हणजे जवळपास आपला एसजीच. इथवर ठीक. पण त्याच सल्ल्यात पुढे भिंतींची चर्चा असते, आणि ती भिंत असते जिप्समच्या पातळ पाट्यांची. तिथल्या घरात बेडरूममधून झाडलेला जाड छर्रा दोन-तीन भिंती पार करून मुलांच्या खोलीत जाऊ शकतो, म्हणून तिथे एवढा काथ्याकूट चालतो.

आपल्याकडची भिंत वेगळी आहे. गंगापूर रोडवरच्या बंगल्याची नऊ इंची वीटभिंत, वर सिमेंटचा गिलावा. एसजीचा छर्रा तिच्यात खड्डा पाडेल, एखादा कोनातून उडून परत खोलीतच येईल, पण सहसा पार जाणार नाही. म्हणून बंगल्यापुरते माझे मत सरळ आहे: एसजी किंवा ट्रिपल ए ठेवा, एलजी आणि एकगोळीचे काडतूस घरात नको. ती रानडुकरासाठी आहेत. खोलीच्या लांबीत ट्रिपल एचा पुंजका माणसाला थांबवायला कमी पडत नाही, आणि चुकलाच तर खिडकीतून बाहेर गेलेला दाणा एलजीपेक्षा लवकर दम सोडतो. खिडकी, दरवाजा आणि गॅलरीची सरकती काच यांना मात्र भिंतीत धरू नका. प्लायवूडचा दरवाजा म्हणजे रंगवलेला कागद.

मळ्यात हे सगळे कोसळते. निफाड, दिंडोरीच्या कुठल्याही मोठ्या द्राक्षबागेत हंगामात जाऊन बघा. मालकाचे पक्के घर, पुढे पडवी, बाजूला औषध-खतांची खोली, आणि अंगण ओलांडले की मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या. छाटणीला, डिपिंगला (घड औषधात बुडवायला), काढणीला पेठ-सुरगाण्याकडून, हरसूलकडून टोळ्या येतात. नवरा-बायको, म्हातारी, पाळण्यातले पोर, सगळे त्या खोलीत. खोली कसली, चार लोखंडी अँगल आणि त्यावर बोल्ट मारलेला पत्रा, अर्धा मिलिमीटर जाड असला तर नशीब. खाली फरशीवर गोधड्या. भिंतीला टेकून झोपायची सवय असते, कारण मधली जागा चुलीला आणि भांड्यांना लागते. मालकाच्या पडवीतून दरोडेखोरावर बार झाला तर त्या रेषेत पलीकडे काय आहे? बहुतेक वेळा हा पत्रा. आणि पत्र्याच्या बाबतीत काडतुसांचा सगळा तक्ता निरर्थक होतो. एलजी जाईल, एसजी जाईल, ट्रिपल ए जाईल, अंगणाच्या अंतरावरून बीबीसुद्धा जाऊ शकेल. पत्र्याच्या खोलीसमोर चांगले काडतूस कुठलेच नाही.

म्हणून मी म्हणतो की काडतूस कोणते हा प्रश्न मालकाच्या बाजूने सुटत नाही. बंदूक मालकाची, परवाना मालकाचा, भीतीही मालकाची. छर्रा मात्र ज्याच्याकडे जाऊ शकतो त्याला या निवडीत काहीच मत नाही. आधी दिशा ठरवायची, मग काडतूस. पडवीतल्या कोणत्या कोपऱ्यातून कुठे झाडता येईल आणि कुठे अजिबात नाही, हे दिवसाउजेडी, चहा पिता पिता, घरातल्या सगळ्यांसमोर ठरवायची गोष्ट आहे. अंगणातून झाडायचेच नाही, घरात शिरलेल्यावरच आणि पाठीमागे वीटभिंत असेल तरच, असा नियम केला तर वस्तीवरसुद्धा एसजी किंवा ट्रिपल ए चालेल. नाही तर बंदूक कपाटात बरी आणि दाराला लोखंडी जाळी, अंगणात दिवा, दोन चांगली कुत्री बरी. मजुरांच्या खोल्या पक्क्या बांधल्या तर आणखी बरे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

याच्या उलट टोकाचा एक समज आहे, आणि तो मला जास्त घातक वाटतो. "पहिल्या नळीत बारीक छर्रा ठेवायचा, चोराला नुसती चुणूक दाखवायची, नाही ऐकले तर दुसऱ्या नळीत एलजी." दुनळी बंदुकीवाल्यांमध्ये हा सल्ला शहाणपणा म्हणून सांगितला जातो. ऐकायला माणुसकीचा वाटतो. पण चार-पाच पावलांवर बारीक छर्रे पसरतच नाहीत. नळीतून निघालेला पुंजका ढोबळमानाने दर यार्डाला एक इंच पसरतो. चोक असलेल्या, म्हणजे तोंडाशी आवळलेल्या, नळीत त्याहून कमी. खोलीच्या अंतरावर तो तळहाताएवढा असतो. वर्तमानपत्राचे पान दोरीला टांगून पाच पावलांवरून बार करून पाहा, अर्थात रेंजवर: मधोमध एकच फाटके भोक, कडेला दोन-चार सुटे टिपके, आणि आतला प्लास्टिकचा वाडही (दारू आणि छर्रे यांच्या मधले बूच) त्याच भोकातून गेलेला. त्याला चुणूक म्हणत नाहीत. आणि लांबून मारलेला बारीक छर्रा थांबवत नाही, पण डोळा नेतो. काश्मीरमध्ये 2016 साली बारीक छर्ऱ्यांनी शेकडो जणांच्या डोळ्यांना इजा झाली. तिथेही हे हत्यार गोळीपेक्षा सौम्य म्हणूनच आणले होते. याच बारीक छर्ऱ्यामुळे बंदुकीला नेम धरावा लागत नाही अशीही एक समजूत पसरली आहे. तळहाताएवढा पुंजका नेम न धरता कुणाला लागत नाही.

कायद्यानेही हा अर्धा बार चालत नाही. खासगी बचावाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये आहे. रात्री घर फोडून शिरणाऱ्यावर, किंवा जीव जाण्याची अथवा जबर इजेची रास्त भीती असेल तेव्हा, प्राण जाईल इतका प्रतिकारही माफ होऊ शकतो. पण 37 वे कलम सांगते, बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. आता वकील उलटतपासणीत काय विचारेल ते बघा. जिवाची भीती होती म्हणता, मग हलके काडतूस मुद्दाम का भरलेत? भीती एवढी नव्हती ना? आणि भीती नव्हती तर बंदूक झाडलीच का? हलका छर्रा भरणाऱ्याला वाटते की आपण जबाबदारी कमी केली. तो स्वतःच्या बचावाच्या पायाखालची जमीन काढून घेत असतो. माणसावर रोखून झाडलेली बंदूक कोर्टाला प्राणघातकच दिसते, आत बीबी असो की एलजी. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने परवान्याच्या बंदुकीने गोळी झाडणाऱ्या शेतकऱ्याला सोडले, आणि कायदा पाळणाऱ्या माणसाने हल्ल्यासमोर पळपुटेपणा करावा अशी कायद्याची अपेक्षा नाही असे स्पष्ट केले. तिथे काडतुसाचा नंबर निर्णायक नव्हता. त्या क्षणी समोर काय दिसत होते, भीती रास्त होती का, हे पाहिले गेले. म्हणजे झाडायची वेळ खरोखर आली असेल तर पूर्ण काम करणारे काडतूस, नाही तर चापाला बोट लावायचे नाही. मधली वाट नाही.

हवेतल्या बाराचेही तेच. 2013 मध्ये जो बायडन अमेरिकेचे उपाध्यक्ष होते. बायकोला आपण सांगून ठेवले आहे की काही झाले तर बाल्कनीत येऊन दुनळीचे दोन बार काढ, असे ते जाहीरपणे म्हणाले. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यातल्या एका माणसाने गाडीजवळ आलेल्या चोरांना पळवायला हवेत बार केला, त्याच्यावर केस झाली आणि त्याने पत्रकारांपुढे बायडनचाच दाखला दिला. आपल्याकडे हे सांगायला उपाध्यक्ष लागत नाही; प्रत्येक गावात एक काका असतो. दुनळीतले दोन्ही बार हवेत गेले की हातात काय राहते, तर काठी. आणि एलजीचा दाणा वर गेला की कुठे तरी उतरतोच. 2019 च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात, इतरांचा जीव धोक्यात येईल अशा निष्काळजी बाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असे केले आहे. ती तरतूद वरातीसाठी आहे. मळ्यातल्या बाराला वेगळी कलमे लागतील एवढाच फरक.

बिबट्याच्या बाबतीत मी आणखी कडक आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अकराव्या कलमात स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही, हे खरे. पण बिबट्यासाठी म्हणून एलजीचा डबा आणणाऱ्याने एवढे लक्षात घ्यावे की रात्री, उसाच्या कडेला, बॅटरीच्या उजेडात, धावत्या बिबट्याला अर्धवट लागलेला छर्रा म्हणजे जखमी बिबट्या. जखमी बिबट्या उसात परत जातो आणि सकाळी पाणी भरायला गेलेल्या माणसाला भेटतो. 2019 च्या जानेवारीत तो शहरात, सावरकर नगरात शिरला तेव्हा बघ्यांची जी गर्दी उसळली होती ती आठवा. त्या गर्दीत एखाद्याने घरातून दुनळी आणली असती तर? तिथे वनखात्याची बेशुद्धीची बंदूकच हवी होती, आणि तिनेच काम केले.

आता जरा साधी गोष्ट, जिच्यावर कुणी लेख लिहीत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या बऱ्याच बंदुका वारसाने आलेल्या आहेत. आजोबांची इंग्लिश बनावटीची दुनळी, तिच्या खजिन्याची, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागेची, लांबी अडीच इंच, म्हणजे 65 मिलिमीटर. दुकानात मिळते 70 चे काडतूस. ते त्या खजिन्यात आरामात बसते, कारण तोंड दुमडलेले असल्याने झाडण्याआधी ते आखूड असते. झाडताना दुमड उघडते, पुढे अरुंद जागेत शिरते, आणि आतला दाब वाढतो. जुन्या नळीला तो सोसेलच असे नाही. "बसते ना, मग झाले," असे म्हणणारे काका याच जातीचे. नळीच्या बुडाशी कोरलेला आकडा आणि डब्यावरचा आकडा जुळवून बघणे हे दोन मिनिटांचे काम आहे. दुसरे म्हणजे इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊस. कपाटात, कपड्यांच्या मागे, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या काडतुसाची पितळी बूड चार पावसाळ्यांत हिरवी पडते, कागदी पुंगळी फुगते. फुगलेले काडतूस नळीत अर्धे शिरून अडकते, आणि नेमके त्या रात्री. पंधरा वर्षांपूर्वीचा एलजीचा डबा जपून ठेवणाऱ्याला आपण संरक्षण जपतोय असे वाटत असते.

माझ्या या मागणीवर दोन्हीकडून टीका होते. एक बाजू म्हणते, काडतुसांचे धडे देऊन तुम्ही बंदूक प्रतिष्ठित करता. परवानेच बंद करा. त्यांना माझे उत्तर असे की परवाने आहेत, कायद्याने आहेत, आणि घरोघरी एलजी पडून आहे. अज्ञान राखल्याने त्यातला एकही डबा कमी होत नाही. दुसरी बाजू परवानेधारकांची: आधीच इतके कागद, त्यात आणखी एक परीक्षा? या तक्रारीत तथ्य आहे. बंदूकवाल्या प्रामाणिक माणसाला कचेरीत जितके छळले जाते तितके गावठी कट्टा बाळगणाऱ्याला कुणी छळत नाही. म्हणूनच मला नवा कागद नको आहे. 2016 च्या शस्त्र नियमांत अर्जदाराने शस्त्र आणि दारूगोळ्याच्या सुरक्षिततेचे प्रशिक्षण घेतलेच पाहिजे, असे आधीच लिहिलेले आहे. त्या प्रशिक्षणात काडतूस हा खरा विषय व्हावा, एवढेच. आणि तो पाठांतराचा नसावा. परवाना आता पाच वर्षांनी नूतनीकरणाला येतो. त्या वेळी माणसाने स्वतःची बंदूक आणि घरातलेच काडतूस घेऊन रेंजवर यावे. एक बार पाच पावलांवरच्या कागदावर. एक बार त्याच अंतरावर, विटेच्या भिंतीसमोर टांगलेल्या पत्र्यावर. पत्र्याच्या मागे गोधडीची घडी. मग ती घडी उलगडून त्याच्याच हातात द्यावी. कुणाला नापास करायचे नाही, कुणाकडून निबंध लिहून घ्यायचा नाही.

हे नाशिकने आधी करावे, कारण नाशिकला सबब नाही. राज्याची पोलीस अकादमी त्र्यंबक रोडवर आहे. गोळीबार शिकवणारी माणसे आणि जागा दोन्ही गावातच आहेत. आणि माणसांना वेगळे बोलवायचीही गरज नाही. दर निवडणुकीत आचारसंहिता लागली की परवान्याच्या बऱ्याच बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. आज त्या फक्त नंबर बघून, चिठ्ठी बांधून खोलीत रचल्या जातात आणि निकालानंतर तशाच परत दिल्या जातात. त्याच खोलीत एखादा जाणकार आर्मोरर, म्हणजे शस्त्रे तपासणारा-दुरुस्त करणारा माणूस, बसवून खजिन्याची लांबी मोजता येईल, हिरवी पडलेली काडतुसे बाजूला काढता येतील, आणि मळ्यातल्या माणसाला बंदूक परत देताना विचारता येईल, "दादा, पडवीसमोर काय आहे तुमच्या?"